सुईवालीचं भ्या

माय,

आज शनिवार. सांजच्या गाडीनं सून घरी येणार आहे, आणि ती यायच्या आत मला तुझ्याशी बोलायचं आहे. बोलायचं म्हणजे लिहायचं. तू म्हणशील, जित्ती होते तेव्हा कधी दोन ओळी धाडल्या नाहीस आणि आता कुठं हिला सुचलं. खरं आहे. पण माझं सासर ते तुझ्यापासून किती लांब, म्हसावदच्या पुढं शहाद्याकडं गाडीत बसलं की आलंच. तुला भेटायचं तर पिशवी उचलून निघायचं, कागद कशाला काळा करायचा? आणि तिसरीतून उठलेली मी, माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. हा कागदसुद्धा माझा नाही, नातीचा आहे. मागच्या बाजूला तिनं लाल खडूनं गोल काढलेत. मी विचारलं, हे कोण गं? म्हणाली, "आजी." आणि हे? "आजी." आणि हे बारकं? "भाकर." मी हसून हसून लोळले. मग माझ्या ध्यानात आलं की एवढ्या गोलांत तिची आई कुठंच नव्हती, आणि माझं हसू तिथंच थांबलं.

तू नात बघितली नाहीस. दोन वर्षांची होऊन गेली. काय सांगू तुला तिच्या गमती! केळीच्या बागेतून वानरं आली की ती त्यांना "या, बसा" म्हणते. कपाशीचं बोंड हातात दिलं तर त्याची उशी करून झोपायचं सोंग आणते. माझा दात दुखत होता तर माझ्या तोंडात फुंकर मारली, आणि माय, खोटं नाही सांगत, दुखणं थांबलं. मी दिवसभर तिच्या मागं फिरते, गुडघे दुखतात म्हणून रडत नाही. पोरगा माझा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, तो सणावाराला येतो. आणि सून, ऐक बरं, सून तुझ्याच खात्यात आहे. नर्स. नवापूरकडची पोर, शिकलेली, बोलायला गोड पण कामाला कडक. धडगावच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची नेमणूक आहे. सोमवारी पहाटे जाते, शनिवारी सांजला येते. मधले सगळे दिवस नात माझी. तिची गाडी आपल्या म्हसावदवरूनच जाते. मी तिला सांगते, आपल्या जुन्या फाट्यावर गाडी थांबली की बघत जा, माझी माय तिथंच उतरायची. ती म्हणते, आई, तिथं आता मोबाईलची दुकानं आहेत.

तर आता मुद्द्याचं. मागच्या शनिवारी सून आली ती धावत. वरच्या पाड्यावर लसीचं काम लांबलं होतं, गाडी चुकेल म्हणून ती अंगावरच्या पांढऱ्या कोटासकट गाडीत चढली. एरवी कोट घडी करून पिशवीत असतो. मी ओट्यावर दादर ज्वारी पाखडत होते, नात माझ्याजवळ सुपात हात घालत होती. सून फाटकातून आत आली, पिशवी टाकली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "कुठंय माझी चिमणी?" आणि नातीनं जी किंकाळी फोडली! सूप उलटं झालं, सगळी दादर ओट्यावर. ती माझ्या मागं येऊन पायाला चिकटली, तोंड लुगड्यात खुपसलं, काही केल्या बाहेर निघेना. सून पुढं झाली तसा नातीनं माझा पाय आणखी आवळला. सुनेचे हात तसेच पसरलेले राहिले. शेजारची वहिनी भिंतीवरून बघत होती, ती म्हणाली, "लेकरू विसरनं वं तुले!" काही बायकांना गप्प राहता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेनं कोट काढला, साडी नेसली, गजरा घातला, तरी नात जवळ जाईना. जेवणं झाल्यावर सून भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मी राजीनामा देते. मला लेकरू पाहिजे." मी म्हटलं, अगं लहान आहे, होईल सवय. ती म्हणाली, "सवय तर झाली तिला. माझ्याशिवाय राहायची." सोमवारी ती गेली, पण जाताना सांगून गेली की या शनिवारी अर्ज लिहूनच येते.  तिच्या हाताखाली किती पाडे आहेत तुला मी काय सांगू, तू ते डोंगर पायांनी मोजलेस. तिथं दुसरी सिस्टर कधी येईल, येईल का नाही, देव जाणे. आणि नात आईला विसरली बिसरली काही नाही. ती भ्याली. तिला भिववलं मी.

कसं, ते सांगते. नात जेवायला त्रास देते. घास तोंडात धरून बसते. दुपारी झोपत नाही. मग माझ्या तोंडून निघून जातं, "चूप ऱ्हाय, सुईवाली येई ऱ्हायनी! पांढरा कोट घालीसन येई ऱ्हायनी!" की लगेच घास गिळला जातो, डोळे मिटले जातात. किती सोपं! मला तर कळतही नाही मी बोलले ते. हे वाक्य माझ्या तोंडात आजचं नाही, माय. तुला माहीत आहे ते कधीचं आहे.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. बापू गेले तेव्हा भाऊ तुझ्या पोटात होता, आणि तो जरा बसायला लागला तशी तू पुन्हा कामावर जायला लागलीस. मला शाळेतून काढलंस. त्याचं वाईट वाटून घेऊ नको, ते मी धरून ठेवलेलं नाही. मला गुणाकार येत नव्हता आणि गुरुजींची छडी लांब होती. तू सकाळी पांढरं लुगडं नेसून, लसीची पेटी खांद्याला लावून निघायचीस. मी भावाला कडेवर घेऊन फाट्यापर्यंत यायची. तू गाडीत चढलीस की तो रडायचा, आणि मी तुझ्याकडं बघत नसे, कारण तूही माझ्याकडं बघत नसायचीस.

बाजाराच्या दिवशी मात्र मी तुला काम करताना बघितलं. डोंगरातल्या बाया दवाखान्यात येत नसत, पण बाजाराला खाली येत, टोपलीत चारोळी, डिंक, मोहाची फुलं घेऊन. तू निंबाखाली पोतं अंथरून त्यांच्याच रांगेत बसायचीस, जशी काय तूही विकायला आलीस. आधी कुणाची तरी चारोळी घ्यायचीस, भाव करायचीस, त्यांच्या बोलीत काहीतरी बोलून त्यांना हसवायचीस, आणि मग हळूच पाठीवरच्या झोळीतलं लेकरू बघायचीस. आपल्या घरात चारोळीचे डबेच्या डबे. मी म्हणायची, माय, किती चारोळी खायची? तू म्हणायचीस, "ही चारोळी खावानी नही शे, पोरं वाचाडानी शे." लस टोचली की लेकरू किंचाळायचं, बाजारातली बाकीची लेकरं ते बघायची. त्यामुळं त्या सगळ्या मुलखात तुझ्या पांढऱ्या लुगड्याला एक नाव पडलं होतं. सुईवाली. रडणारं लेकरू गप करायचं असलं की आया म्हणायच्या, सुईवाली उनी! आपल्या गल्लीतही म्हणायच्या. त्यांच्या तोंडून मी शिकले. आणि मी ते भावाला म्हणायला लागले.

तो मला फार दमवायचा गं. मी पण पोरच होते. त्याला भरवायचं, धुवायचं, दुपारी निजवायचं, त्यात चूल, त्यात पाणी. गल्लीतल्या माझ्या मैत्रिणी सागरगोटे खेळायच्या आणि मी उंबऱ्यात त्याला मांडीवर घेऊन डोलत बसायची. एक दिवस म्हणून बघितलं, चूप, सुईवाली येई ऱ्हायनी. तो एकदम गप. मला वाटलं, अरे वा, हा तर मंत्रच आहे. मग काय, उठता बसता. सुईवाली म्हणजे आपलीच माय हे मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक नव्हतं. मला असंही वाटलं नाही की एक दिवस ते त्याला कळेल.

मग तो दिवस. तू फाट्यावरून चालत आलीस, पेटी खांद्याला, लुगड्याला लाल धूळ. भाऊ अंगणात शेजारच्या जिजीजवळ खेळत होता. त्यानं तुला बघितलं आणि सरपटत, पडत माझ्याकडं पळाला, परकराला धरून ओरडायला लागला. जिजी मोठ्यानं हसली. "बाई, तुन्हा आंडोर तुलेच भ्यास वं!" तूही हसलीस, पण अर्धंच. पेटी खाली ठेवलीस आणि मला विचारलंस, "याले कोन भ्या दखाडस?" मी म्हटलं, "गल्लीमधला पोऱ्या." तू "बरं" म्हणालीस. हातपाय धुवायला गेलीस. बस्स.

तू रागीट होतीस, माय, म्हणून मला त्या 'बरं'चं नवल वाटायला पाहिजे होतं. एकदा तू सुया नि काचेच्या सिरिंजा उकळल्यास आणि त्या उचलून घेतल्यास. पातेल्यात गरम पाणी तसंच राहिलं. मी विचार केला, रॉकेल जाळून तापवलेलं पाणी, वाया कशाला घालवायचं? त्यातच उडदाची डाळ टाकली. तू स्वयंपाकात आलीस. "काय करी ऱ्हायनी तू?" "दाय टाकी ऱ्हायनू." मग जी तू ओरडलीस! उलथनं घेऊन माझ्यामागं अंगणभर धावलीस, डाळ उकिरड्यावर गेली, पातेलं राखेनं घासघासून पातळ झालं, आणि संपूर्ण गल्लीला कळलं की नर्सबाईच्या पोरीनं सुईच्या पाण्यात वरण केलं. लग्नात माझ्या नणदेनं ते ऐकलं, ती मला अजून चिडवते, वहिनी, वरण कशाच्या पाण्याचं आहे? तर एवढ्याशा गोष्टीला तू आभाळ डोक्यावर घ्यायचीस. आणि त्या दिवशी 'बरं' म्हणून गेलीस. मी समजले, सुटले.

त्यानंतर तू घरी यायचीस ती हिरव्या नाहीतर तांबड्या लुगड्यात. पांढरं पिशवीत. जिजीनं विचारलं तर तू म्हणालीस, रोगराई घरात नको. सगळ्यांना पटलं. मलाही. भाऊ हळूहळू तुझ्याकडं जायला लागला. निवृत्त होईपर्यंत तुझा तोच शिरस्ता. आणि निवृत्त झाल्यावर तरी कुठं बसलीस? कुणाच्या हळदीला गेलीस तरी मांडवात बायकांच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघायचीस, "रगत नही शे वं तुन्हा आंगमा, गूळ-शेंगदाणा खाय." नवरीचीसुद्धा ओढलीस एकदा, काजळ सगळं गालावर. लोक म्हणायचे, बाईंना जेवायला बोलावू नका, जेवणाआधी तपासतात. पण कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला विंचू चावला, कुणाचा म्हातारा अंथरुणात घाण करायला लागला, की पहिलं तुझंच दार वाजायचं. माझ्या बाळंतपणाला तू सव्वा महिना येऊन राहिलीस, मला खाटेवरून खाली पाय ठेवू दिला नाहीस. मी म्हटलं, माय, मला बाळ नीट धरता येतं, लहानपणापासून सवय आहे. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "ठाऊक शे." मला वाटलं तू कौतुक करतेस.

मग तू आजारी पडलीस. नंदुरबारच्या दवाखान्यात होतीस तेव्हाचं आठवतं? भाऊ तोवर मोठा झालेला, मिशा आलेल्या, दोन लेकरांचा बाप. तुझ्या हाताला सलाईन. तो खोलीच्या दारापर्यंत यायचा, सुई बघितली की घाम फुटायचा, भिंत धरून बाहेर बाकावर जाऊन बसायचा. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली की तो पार जिन्याखाली. मी त्याच्यावर ओरडले, मायजवळ बसायची वेळ आहे आणि तू पळतोस? तू डोळे न उघडता म्हणालीस, "त्याले ऱ्हावू दे बाहेर. त्याना गुन्हा नही शे." आणि तो बाहेर असतानाच तू गेलीस. त्याचं तोंड तुला शेवटचं बघायला मिळालं नाही.

गुन्हा त्याचा नाही, तर कुणाचा, हे तू बोलली नाहीस. ते मला कळलं तू गेल्यावर. लोक दारावर बसायला येत होते. म्हसावदच्या फाट्याजवळची बांगडीवाली चाची आली, ती तुझ्याच वयाची, काठी टेकत. माझा हात धरून म्हणाली, "बेटी, तुझी माय गाडीतून उतरली की पहिली माझ्या दुकानात. मागच्या खोलीत जाऊन सफेत लुगडं उतरवायची, रंगीत नेसायची, मग घरी. कितने साल!" मी म्हटलं, हो चाची, रोगराई घरात नको म्हणून. ती माझ्याकडं बघतच राहिली. "कसली रोगराई? पोरगा डरता था उससे. मी तिला सांगितलं, तुझी पोरगीच त्याला शिकवते, मी माझ्या कानानं ऐकलंय, बाजारात त्याला कडेवर घेऊन हेच बोलत होती. दे दोन थपडा. तर काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, चाची, तीबी पोरच शे. मन्हं सारं घर तिन्हा डोकावर. तिले बोलू ते कोनता तोंडे?" चाचीनं हे सांगितलं ते तुझी थोरवी म्हणून. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. माझ्या पहिल्या खोट्यापासून. इतकी वर्षं तू त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, बांगड्यांच्या खोक्यांत उभी राहून लुगडी बदललीस, आणि मला एक शब्द नाही. उलथनं घेऊन मारलं असतंस तर मी ते वाक्य कायमचं विसरले असते. तू मारलं नाहीस, म्हणून ते माझ्या तोंडात राहिलं, आणि आता माझ्या नातीच्या कानात गेलं. हे मी तुझ्यावर ढकलते आहे का? ढकलते आहे बहुतेक. बघ, म्हातारी झाले तरी खोड जात नाही.

मी आठवडाभर एक युक्ती करत होते. सुनेला फोन करून सांगायचं, बाई गं, कोट तिकडंच ठेवून येत जा, रोगराई घरात नको. तुझंच वाक्य. कुणाला काही कळणार नाही, नात हळूहळू निवळेल, मी चांगलीच्या चांगली. फोन हातात घेतलासुद्धा. पण नातीनं आता कोटच नाही, आईचं तोंडही ओळखून ठेवलं आहे. आणि सून अर्ज लिहून आणणार ती स्वतःला दोष देऊन. लेकरू टाकून गेले, म्हणून विसरलं, असं ती जन्मभर म्हणत राहणार, जशी तू माझ्यापायी स्वतःलाच दोष देत राहिलीस. गाडीची वेळ होत आली. उठते. नात जागी झाली, मला हाक मारते आहे.

हे आता रविवारी दुपारी लिहिते. काल सून आली. अर्ज पिशवीत होता, तिनं मला तो दाखवला नाही पण मी पिशवीतून डबा काढताना बघितला. नात तिच्याकडं गेली नाही. सकाळी सून अंगणात कोट धूत होती, मी शेजारी भेंडी चिरायला बसले, आणि विळीवरून मान वर न करता सगळं सांगून टाकलं. सुईवालीचं, भावाचं, तुझं, चाचीच्या दुकानाचं. सांगताना भेंडी इतकी बारीक चिरली की भाजी करायच्या लायकीची राहिली नाही.

सून कोट पिळत राहिली, पिळत राहिली, त्यात पाण्याचा थेंब उरला नव्हता. मग म्हणाली, "आई, वरच्या पाड्यांवर मी दिसले की बायका लेकरं घेऊन मक्यात पळतात. मी बांधावर बसून राहते त्या बाहेर येईपर्यंत. सांगते, लेकराला माझं भ्या दाखवू नका. परवा एक बाई म्हणाली, सिस्टर, तुमचं लेकरू भितं का तुम्हाला? मी म्हटलं, अजिबात नाही, आजीजवळ वाढतंय ते." एवढं बोलून तिनं कोट दोरीवर झटकला, असा झटकला की चाप उडून विहिरीजवळ पडला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि डुबुकवड्यांची भाजी केली. भाजी झाली पण भांड्यांचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला. मी ओट्यावर बसून राहिले. तिनं मला बोलावं, चार शब्द सुनवावेत असं वाटत होतं. कुणीतरी एकदा सुनवायलाच पाहिजे होते.

जेवायच्या आधी ती बाहेर आली. दोरीवरचा ओलसर कोट काढला आणि माझ्यापुढं धरला. "घाला."

"मी? येडी झालीस का?"

"घाला म्हणते ना."

मी लुगड्यावरून तो कोट घातला. बटणं लागेनात, पोट आडवं. शेजारची वहिनी भिंतीवर हजरच. "काय वं मावशी, डॉक्टरीन कधी व्हयनी?" मी म्हटलं, "आजच व्हयनू. ये, तुले पहिली सुई तुन्हा जिभले देस." सून हसली. तोंड फिरवून हसली, पण मी बघितलं. नात दारात उभी होती. ती माझ्याकडं बघे, कोटाकडं बघे, परत माझ्याकडं. डोळे हे एवढे. तिला काय करावं कळेना, पांढरा कोट आणि आत आजी! मग हळूच आली, कोटाच्या खिशात हात घातला. खिशात काही नव्हतं. मी चिरायची राहिलेली एक भेंडी उचलून तिच्या हातात दिली. तिनं ती माझ्या दंडाला टोचली. मी "आई गं" केलं. ती खिदळली. आणखी टोचली. मग सून खाली बसली आणि आपला हात पुढं केला. नात थांबली. बराच वेळ थांबली. मग लांबूनच, हात पुरेल तेवढ्या लांबून, सुनेच्या हाताला भेंडी लावली आणि पळून आली. पुन्हा गेली. पुन्हा पळून आली. जेवणाआधी सुनेचा हात भेंडीनं चिकट झाला होता. कुशीत काही गेली नाही. पण नाक पुसू दिलं.

मी विचारलं, "मग अर्जाचं?" ती म्हणाली, "पिशवीत आहे. पिशवीतच राहू दे तूर्त." मी देवाची शपथ घ्यायला लागले की परत तोंडातून तो शब्द काढणार नाही, तर म्हणाली, "शपथ नको, आई. रोज दुपारी फोनवर तिला मला दाखवा. मी कोट घालूनच बसेन. जेवण तिनं माझ्यासमोर करायचं, मग अर्धं सांडलं तरी चालेल." उद्या पहाटेची गाडी तिनं धरायची ठरवली आहे. रोज दुपारी फोन लावायचा कसा ते मला आता शिकवते म्हणाली. भावालाही फोन लावणार आहे मी, तू घरी कुठून लुगडं बदलून यायचीस ते त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

हा कागद मी कुणाला देणार नाही, आणि ठेवणारही नाही. सांजला अंघोळीचं पाणी तापवताना बंबात घालीन. सून घरात आहे, तिला वाचता येतं, आणि एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. मागच्या शनिवारी नात किंचाळून माझ्या पायाला चिकटली, तेव्हा मी तोंडानं "जा गं, जा मम्मीकडं" म्हणत होते, आणि मागं हात नेऊन तिला आपल्याजवळच धरून ठेवलं होतं. मला बरं वाटत होतं, माय. भाऊ तुला बघून माझ्या परकराआड लपायचा, तेव्हासुद्धा वाटायचं.